वहाण कोणाची?

वहाण ही वस्तू आमच्या भाषेत मोठी दुर्दैवी ठरली आहे. पागोट्यास अब्रू आहे, टोपीस मान आहे, उपरण्यासही थोडीबहुत प्रतिष्ठा आहे; परंतु ह्या सर्वांना आपल्या पाठीवर घेऊन जी चालते तिच्या वाट्यास केवळ अवहेलना आली. एखाद्यास हिणवावयाचे तर त्याची आपले जोडे पुसण्याचीही लायकी नाही असे म्हणावे, त्याची धिंड काढावयाची तर गळ्यात जोड्यांची माळ घालावी, आणि कोणी आपली पायरी सोडून बोलू लागला की पायातली वहाण पायातच बरी, असे बजावून त्यास गप्प करावे. ही शेवटची म्हण बहुतकरून सुनांस आणि गड्यांस उद्देशून वापरली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे निंदा वहाणेची चाललेली नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. अशा भाषेत लहानाचा मोठा झालेल्या मनुष्यास कोणी सांगितले की, पृथ्वीच्या पाठीवर एका शहरी केवळ जोड्यांकरिता भली थोरली इमारत उभारलेली असून ते पाहण्यास लोक तिकीट काढून जातात, तर त्यास प्रथम हसूच येईल. आम्हांसही आले.

हे संग्रहालय कॅनडा देशात टोरांटो शहरी आहे. आमचा पुतण्या तेथे पुष्कळ वर्षे राहतो. त्याच्याकडे मार्च महिन्यात आमचा मुक्काम होता. बर्फ वितळू लागला होता आणि रस्त्यांवर चिखल, मीठ व पाणी ह्यांचा काला झाला होता. तेथील लोक घरात शिरताना जोडे दारातच उतरवितात हे पाहून आम्हांस आरंभी मोठे समाधान वाटले; पुढे कळले की, त्यात प्रश्न शुचितेचा नसून गालिच्याचा आहे. असो. संग्रहालयात जाण्याच्या दिवशी आमचा डावा जोडा लागत होता. तो नवा होता असे नव्हे. विकतचा कोणताही जोडा आम्हांस डाव्या पायात लागतोच, आणि ही गोष्ट आम्ही फार पूर्वीच नशिबाच्या खाती मांडून मोकळे झालो आहोत. 'काका, जोड्यांच्या संग्रहालयात लंगडत जाणे फारच समयोचित आहे,' असे पुतण्या म्हणाला, आणि आम्ही निघालो.

ब्लूर रस्त्यावर, विद्यापीठाच्या शेजारी, फिकट रंगाच्या चुनखडी दगडाची ही इमारत आहे. तिच्या भिंती किंचित कललेल्या असून छप्पर असे तिरपे बसविले आहे की, जोड्याच्या खोक्याचे झाकण कोणी अर्धवट उघडून ठेविल्याचा भास व्हावा. रेमंड मोरियामा ह्या जपानी वंशाच्या कॅनेडियन वास्तुविशारदाने ती योजिली व १९९५ साली ती लोकांस खुली झाली. संग्रह सोन्या बाटा ह्या बाईंचा. त्यांचा जन्म १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण चालू असता त्यांचा विवाह झाला, आणि पतीच्या व्यापारानिमित्त जगभर हिंडत असता ठिकठिकाणची पादत्राणे त्या जमवीत गेल्या. २०१८ साली त्या वारल्या तेव्हा तेरा हजारांहून अधिक नग जमले होते, आणि त्यांत सुमारे साडेचार हजार वर्षांचा काळ सामावला होता.

बाटा हे नाव वाचून आमच्या पिढीच्या मनुष्यास एखादा जुना शेजारी परदेशी भेटल्यासारखे वाटते. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे जोडे ह्याच नावाच्या दुकानातून येत. किमतीच्या शेवटी नव्व्याण्णव पैसे लावण्याच्या त्या दुकानाच्या रीतीवरून 'बाटाची किंमत' हा शब्दप्रयोगही आमच्याकडे रूढ झाला. लहानपणी तर हे एखादे स्वदेशी घराणेच असावे अशी आमची खात्री होती. वस्तुतः ते मोराव्हियातील झ्लीन गावचे. कित्येक पिढ्या हाताने जोडे शिवणाऱ्या त्या घरातील टोमाश बाटा ह्याने १८९४ साली भावंडांसह कारखाना काढला, आणि पुढे १९३४ साली कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. म्हणजे हे मंदिर एका चांभार घराण्याच्या सुनेने उभारलेले आहे. आमच्याकडे अशा घराण्यास कारखाना काढण्यापूर्वी किती दारांबाहेर तिष्ठावे लागले असते, हा विचार पायऱ्या चढताना मनात येऊन गेला.

आत गेल्यावर मनुष्य हसणे विसरतो. टांझानियातील लाएतोली येथे मेरी लीकी ह्यांच्या पथकास १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटून दगड झालेली पावले सापडली. ती सुमारे सदतीस लक्ष वर्षांपूर्वीची मानतात. त्या पावलांचा ठसा जोड्यांच्या इतिहासाच्या आरंभी असावा हे आम्हांस फार आवडले. जोडा नाही, नुसते पाऊल. त्यानंतर कपाटामागून कपाटे लागतात. फ्रान्समधील शेतकरी वाळलेल्या चेस्टनटची टरफले फोडण्यासाठी जे खिळ्यांचे लाकडी जोडे घालीत ते पाहून प्रथम एखाद्या छळघरातील हत्यार असावे असे वाटते. वस्तुतः ते बिचारे उखळमुसळाचे भाईबंद आहेत. युरोपात सुमारे १६०० पासून पुढे दोन शतके डावा व उजवा हा भेदच जोड्यांत नसे, दोन्ही एकाच सरळ साच्यावर बेतीत, ही माहिती आम्हांस तेथेच प्रथम मिळाली आणि आमच्या डाव्या पायास थोडा दिलासा वाटला.

परंतु गर्दी असते ती नामांकितांच्या जोड्यांपाशी. व्हिक्टोरिया राणीच्या सपाता, नेपोलियनचे रेशमी मोजे, एल्व्हिस प्रेस्ली ह्या गवयाचे निळे चकचकीत जोडे, असा हा सरंजाम आहे. हिंदुस्थानच्या वाट्यास ह्या संग्रहात हैदराबादचा निजाम सिकंदर जाह ह्याची मोजडी आली आहे. ह्या निजामाची कारकीर्द १८०३ ते १८२९ अशी होती. मोजडीवर सोन्याची जर असून रत्ने जडविलेली आहेत. २००६ साली ती चोरीस गेली होती व पुढे परत मिळाली. चोरास ती घालून चालावयाचे नव्हते हे उघड आहे; पण मौज ही की, निजामासही ती घालून फारसे चालावयाचे नव्हते. गालिच्यावरून मसनदीपर्यंत आणि मसनदीवरून पालखीपर्यंत, एवढीच तिची पृथ्वीप्रदक्षिणा. सोळाव्या शतकात व्हेनिस शहरातील श्रीमंत बायका हातभर उंच तळांचे जोडे घालीत. त्यांस चालताना दोहों बाजूंनी दासींचा आधार घ्यावा लागे. तेही पाहिले. आणि मग हळूहळू एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली, ती ही की, ह्या सबंध वास्तूत जी पादत्राणे सर्वांत सुंदर म्हणून मांडली आहेत ती प्रायः न चालणाऱ्यांची आहेत.

ह्याचे कारण शोधण्यास फार खोल जावयास नको. जो चालला त्याचा जोडा झिजला. झिजला तो फाटला, फाटला तो उकिरड्यावर गेला, किंवा त्याचे चामडे दुसऱ्या जोड्याच्या ठिगळास उपयोगी पडले. जो जोडा आपले काम करतो तो नष्ट होतो. जो काम करीत नाही तो टिकतो आणि काचेत जातो. भांड्यांची, दागिन्यांची किंवा पोथ्यांची गोष्ट इतकी टोकाची नाही. पळीने शंभर वर्षे आमटी वाढली तरी ती पळी राहते. पादत्राणास मात्र सार्थक होणे आणि नाहीसे होणे ही एकच आहे. सबब, सैन्ये ज्यांवर चालली, बाजार ज्यांवर भरले, नांगर ज्यांच्यामागे गेले, ते जोडे इतिहासास जवळजवळ मिळतच नाहीत. क्वचित मिळाले तर ते अपघाताने. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात गोठलेला एक मनुष्य सापडला. त्यास मरून पाच हजारांहून अधिक वर्षे झाली होती. त्याच्या पायात अस्वलाच्या कातड्याचा तळ, वर हरणाचे कातडे, आत झाडाच्या सालीची जाळी आणि ऊब राहावी म्हणून भरलेले वाळके गवत, असे जोडे होते. झ्लीन येथीलच एका अभ्यासकाने तशा प्रतिकृती करून डोंगरात चालून पाहिल्या आणि त्या उत्तम ठरल्या. हा खरा चाललेला जोडा. पण तो आपणांस पाहावयास मिळाला तो एवढ्याचमुळे, की तो घालणारा मनुष्य त्या दिवशी घरी परतला नाही.

चिनी स्त्रियांच्या जोड्यांपाशी आम्ही पुष्कळ वेळ उभे होतो. तळहातावर सहज मावतील एवढे ते जोडे, रेशमाचे, आणि त्यांवरील भरतकाम इतके नाजूक की डोळे निवावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पावले आई पट्ट्यांनी आवळून बांधी; बोटे तळव्याखाली दुमडली जात, कमान मोडे, आणि तो पाय जन्मभर तसाच राही. चीनमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१२ साली ह्या चालीस कायद्याने बंदी झाली, तरी ती खेड्यांतून पुढे कित्येक वर्षे रेंगाळली. हे सर्व आम्ही वाचलेले होते. वाचलेले नव्हते ते हे की, हे जोडे बाजारात विकत घेतलेले क्वचितच असत. बहुधा ते घालणारीने स्वतः शिवलेले असत. पाय मोडलेली मुलगी घरात बसून आपल्या मोडक्या पायासाठी कमळे भरीत असे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स ह्या दोन अभ्यासक विदुषींनी २०१७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यांतील पुष्कळ म्हाताऱ्यांच्या मुलाखतींवरून त्यांनी असे प्रतिपादिले आहे की, ह्या चालीच्या मुळाशी नुसता सौंदर्याचा ध्यास नव्हता; मुलीस लहानपणापासून एका जागी बसवून सूत काततां यावे, विणता यावे, हाही हिशेब होता. म्हणजे तो पाय राजवाड्यातल्या पायासारखा आराम करीत नव्हता. तो बांधला होता तो हातांनी काम करावे म्हणून.

ते भरतकाम सुंदर आहे असे म्हणणे नीतीस सोडून आहे काय? आमच्याबरोबरचा पुतण्या म्हणाला की, अशा वस्तू मुळी मांडूच नयेत. आम्हांस ते पटले नाही. त्या मुलीच्या आयुष्यात जे थोडे तिच्या स्वतःच्या मर्जीचे होते ते त्या टाक्यांत आहे. आपण वेदनेचा निषेध म्हणून तेही पाहावयाचे नाकारले, तर तिच्यापाशी उरले काय? परंतु हे बोलून झाल्यावर आमचेही पुरते समाधान झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. आपण ज्यास तिची मर्जी म्हणतो ती तिची होती की तिच्या आईची, हे ठरविणारे आपण कोण?

जोड्यांच्या संग्रहालयात एक गोष्ट मांडता येणे शक्यच नसते, आणि ती म्हणजे अनवाणी पाय. वास्तविक मानवजातीचा मोठा भाग इतिहासाचा मोठा भाग अनवाणी चालला. ह्यांत पुष्कळांस जोडा मिळाला नाही. आणि कित्येकांस तो घालू दिला गेला नाही. ब्राझील देशात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. तत्पूर्वी तेथे उघडे पाय ही गुलामाची खूण समजली जाई, आणि मुक्त झालेला मनुष्य हाती पैसा येताच प्रथम जोडे खरेदी करी. जन्मभर मोकळ्या राहिलेल्या पायांस ते सोसत नसत. म्हणून कित्येकजण ते हातात धरून किंवा खांद्यावर टाकून मिरवीत, असे सांगतात. आम्हांस ह्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आमच्या देशात ह्याच्या उलट चित्र होते. वरच्या आळीतून जाताना खालच्या जातीच्या मनुष्याने पायातील वहाणा काढून हातात घ्याव्या, असा दंडक अनेक प्रांतांत होता, आणि तो मोडल्याबद्दल मारहाण झाल्याच्या वार्ता आजही अधूनमधून वृत्तपत्रांतून येतात. त्या आळीतील प्रत्येक उंबऱ्यापाशी ज्याच्या हातच्या वहाणा पडलेल्या असत, त्यानेच आपल्या वहाणा हातात घेऊन त्या उंबऱ्यांवरून जावयाचे.

येथे वाचक म्हणतील की, अनवाणी चालणे आमच्याकडे पुण्यप्रदही मानले आहे. हे अगदी खरे आहे. देवळात आपण सगळेच अनवाणी जातो. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या आणि स्वतः नंदिग्रामी व्रतस्थ राहिला. आषाढीच्या वारीस आळंदीहून ज्ञानदेवांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरपुरास नेतात, आणि त्यांच्यामागून सुमारे तीन आठवड्यांची वाट लक्षावधी माणसे चालतात, कित्येक अनवाणी. ह्या पादुकाही कोणी घालून चालत नाही, म्हणून त्यांस निजामाच्या मोजडीच्या पंक्तीस बसवावे काय? आमचे मन तसे करू देत नाही. निजामाची मोजडी एका मनुष्यास चालण्यापासून वाचविते. ह्या पादुका लक्षावधींस चालावयास लावतात. शिवाय वारकऱ्याने वहाण काढून ठेविली आहे. ती त्याची आहे, घरी कोनाड्यात आहे, आणि परत आल्यावर तो ती घालणार आहे. ज्याच्या पायातून ती हिसकावली त्याचेही पाऊल तितकेच उघडे, त्यासही तेच काटे बोचतात. पण पहिल्याच्या उघड्या पायास आपण व्रत म्हणतो, तर दुसऱ्याच्या उघड्या पायास तोच शब्द लावणे ही शुद्ध लबाडी होईल. आमच्या समाजाने ही लबाडी पुष्कळदा केली आहे. दुसऱ्याच्या दारिद्र्यास साधेपणा आणि दुसऱ्याच्या मुकेपणास विनय म्हणावयाचे, ही आमची जुनी खोड आहे.

हे सर्व विचार सुचले ते त्या दिवशी सुचले असे मात्र नव्हे. त्या दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने टिपणवहीत टिपणे करीत होतो. संध्याकाळी घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून ती वही वाचावयास घेतली, तेव्हा चार पाने राजे, राण्या, सेनापती व गवई ह्यांच्या नावांनी भरलेली दिसली. पण एकही जोडा कोणी केला ह्याची नोंद नव्हती. दोष सर्वस्वी संग्रहालयाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. जे नाव कोणी लिहून ठेविले नाही ते पाटीवर आणावे कोठून? उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या बायका सीलच्या कातड्याचे उंच जोडे शिवतात. त्यांत सुई कातड्याच्या आरपार न जाता अर्ध्या जाडीतून फिरविलेली असते आणि स्नायूंचा दोरा पाण्याने फुगून सांधा घट्ट होतो, म्हणजे थेंबभरही पाणी आत येत नाही. त्या थंडीत ओला पाय म्हणजे गेलेला पाय. सबब शिकाऱ्याचे आयुष्य बायकोच्या ह्या टाक्यावर अवलंबून असे. ही माहिती आमच्या वहीत होती. 'इन्युइट लोकांचे जोडे' असे आम्ही लिहिले होते. शिवणारी कोण, हे विचारण्याचे आमच्याही मनात आले नव्हते.

कारागीर अनामिक असणे हे आपल्या संस्कृतीचे भूषणच आहे, असा एक युक्तिवाद ह्यावर नेहमी केला जातो. अजिंठ्याच्या चित्रकाराने आपले नाव कोठे लिहिले? तो निरहंकार होता, आपण नावाचे लोभी झालो, इत्यादी. पूर्वी आम्हीही हा युक्तिवाद वर्गात मोठ्या रसाने मांडीत असू. परंतु बेलूर येथील बाराव्या शतकातील होयसळ मंदिरात मूर्तींच्या पायथ्याशी शिल्पकारांची नावे कोरलेली आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ह्यांची नावे आजही तेथे वाचता येतात. म्हणजे ज्यास नाव कोरण्याची मुभा होती त्याने ते कोरले, आणि त्यामुळे त्याची मूर्ती काही कमी पवित्र झाली नाही. अनामिकता हे व्रत असू शकते हे आम्हांस मान्य आहे. तथापि ते व्रत आहे की नाही, हे ज्याचे नाव गेले त्यास विचारून ठरवावयाचे, की ज्याने ते विचारलेच नाही त्याने? अनवाणी पायाविषयी जो न्याय लागतो तोच ह्यास लागतो.

आणि हा प्रश्न जुन्या काळाचा आहे असेही नाही. कोल्हापुरी वहाणेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांतील आठ जिल्ह्यांच्या नावे भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे २०२५ च्या जून महिन्यात मिलान शहरी एका नामांकित फॅशनगृहाने हुबेहूब तशाच वहाणा घातलेले पुरुष व्यासपीठावरून चालविले आणि त्यांचे कूळ कोठले ते सांगितले नाही. इकडे ओरड झाली तेव्हा त्या गृहाने मूळ मान्य केले. आम्हीही त्या ओरडण्यात हिरिरीने सामील होतो. मात्र त्या दिवशी टिपणवही मिटताना मनात आले की, मिलानकरांनी कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो, ते योग्यच. पण कोल्हापूरच्या ज्या हातांनी ती वहाण केली त्यांपैकी एकाचे तरी नाव आपणांपैकी किती जणांस सांगता आले असते?

करणारा आणि घालणारा हे दोघेही नावानिशी ज्ञात आहेत असा एक जोड आम्हांस ठाऊक आहे. तो ह्या संग्रहालयातला नव्हे. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असता गांधीजी चपला करावयास शिकले. त्यांचे स्नेही कालेनबाख ट्रॅपिस्ट जोग्यांच्या मठातून ती विद्या शिकून आले होते, त्यांनी ती शिकविली. पुढे तुरुंगात त्यांनी एक जोड तयार केला आणि १९१४ साली तो देश सोडताना ज्यांच्या सरकारने त्यांस तुरुंगात घातले त्या जनरल स्मट्स ह्यांस भेट म्हणून दिला. स्मट्स ह्यांनी त्या चपला कित्येक उन्हाळे वापरल्या. आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लिहिताना आपण त्यांत पाय घालण्यास पात्र नसल्याची भावना बोलून दाखविली. जे काम आमच्या समाजाने एका जातीच्या गळ्यात बांधून तिला गावाच्या कडेस बसविले, ते काम एका बॅरिस्टराने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायासाठी केले. ह्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण बॅरिस्टराने ते केले म्हणून त्याची आठवण राहिली, हेही खरेच नव्हे काय?

वही मिटली तरी मन स्वस्थ बसेना. कृष्णाकाठच्या ज्या तालुक्याच्या गावी आमचे बालपण गेले तेथे एस. टी. स्टँडाच्या बाहेर, पिंपळाखाली, एक गृहस्थ रापी आणि आरी घेऊन बसत. दिवाळी झाली की आमच्या नव्या वहाणेचे माप द्यावयाचे असे. ते अंगणात येत, जुन्या वर्तमानपत्राचा कागद अंथरीत, त्यावर आमचा पाय ठेवावयास सांगत, आणि कानामागील पेन्सिल काढून पावलाभोवती रेघ ओढीत. पेन्सिलीने तळव्यास गुदगुल्या होत आणि आम्ही पाय हलवीत असू. मग ते एका हाताने आमचा घोटा धरीत. ते गेल्यावर आजी आम्हांस हौदावर नेऊन पाय धुवावयास लावी. पैसे ओसरीवरून त्यांच्या ओंजळीत टाकले जात. ह्यांत कोणास काही विशेष वाटत नसे. आम्हांसही वाटत नसे. त्या वहाणा दोन-दोन वर्षे टिकत, आणि कधी लागल्याचे स्मरत नाही. त्या गृहस्थांस घरात सारे त्यांच्या जातीच्या नावाने हाक मारीत. त्यांचे नाव काय होते?

टोरांटोस रात्र होती तेव्हा इकडे सकाळ झालेली होती. आईस दूरध्वनी लावला. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे, पण स्मरण चांगले आहे. वहाणांस किती पैसे पडत, ते कोणत्या साली वाढले, मुंजीच्या वेळी लाल गोंड्यांच्या वहाणा केल्या होत्या त्यांचे किती दिले, हे तिने भराभर सांगितले.

'आई, त्यांचे नाव काय होते ग?'

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, 'नाव नाही रे आठवत. कधी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.' आणि थोड्या वेळाने म्हणाली, 'पण मोठा बारकाईचा माणूस. तुझा डावा पाय उजव्यापेक्षा सूतभर मोठा आहे, हे मला पहिल्यानं त्यानंच सांगितलं. दोन पायांचे दोन कागद करायचा. म्हणायचा, आईसाहेब, एका कागदावर दोन्ही पाय बेतले तर पोरगं जन्मभर लंगडेल.'

आमचे जोडे दारात, वितळत्या बर्फाच्या थारोळ्यात पडलेले होते. आम्ही उठून ते उचलले व तळाशी तळ लावून पाहिले. दोन्ही अगदी सारखे होते.